जाखाईची तिरपी नजर

१८ फेब्रुवारी. सकाळी दाट धुके, नऊनंतर लख्ख ऊन, वारा अजिबात नाही.

कातळोशीच्या जाखाईच्या देवळात मूर्ती नाही. मागची भिंत हीच देवी. जांभ्या चिऱ्यांवर चुन्याचा गिलावा आणि त्यावर पुरुषभर उंचीची रंगवलेली जाखाई. गेरूच्या रंगाचे लुगडे, हळदीसारखा पिवळा चेहरा, चार हात, पायाशी वाघ. डोळे माशासारखे लांबट आणि मोठे. दर्शनाला आलेला माणूस समोर उभा राहून हात जोडतो आणि थोड्या वेळाने चुळबूळ करू लागतो, कारण देवी त्याच्याकडे पाहत नाही. ती पाहते आपल्या उजवीकडे, दुसऱ्या खांबाच्या बुंध्याशी. तिची नजर आपल्यावर पडावी म्हणून माणूस नकळत त्या बाजूला सरकतो. मग अनंत गुरव ओट्यावरून हाक मारतात, "तिकडं नको. अलीकडं या."

आज साताऱ्याहून एक कुटुंब आले होते. त्यातल्या बाईंनी गुरवांना विचारले, "काढणाऱ्याचा हात हलला का हो? नजर तिरपी झालीय."

"हात हलला असता तर बरं झालं असतं, ताई," गुरव म्हणाले. "बसा, पाणी प्या. घाईत ऐकायची गोष्ट नाही ही."

अनंत गुरवांची सत्तरी उलटली आहे. ही हकीकत त्यांनी वडिलांकडून ऐकली, वडिलांनी आजोबांकडून. ती कधी घडली ते कोणालाच नक्की सांगता येत नाही. गावावर खोतांचा अंमल होता तेव्हाची, एवढेच सांगतात.

ज्याने ही भिंत रंगवली तो दुलबा चितारी कातळोशीचा नव्हता. खाडीकाठच्या एका गावात चिताऱ्यांची चार घरे होती, त्यातले एक त्याचे. देव्हारे, पाळणे, लग्नाचे पाट रंगवायचे आणि कोणी बोलावले तर देवळाच्या भिंती, हा घरचा धंदा.

दुलबाला रेघ दिली त्याच्या आईने. ती रोज सकाळी सारवलेल्या अंगणात तुळशीपुढे तांदळाच्या पिठाचे कणे, म्हणजे रांगोळीच्या रेघा, काढायची. चिमटीतून पीठ सुटायचे ते दोऱ्यासारखे, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. लहान दुलबा शेजारी बसून बघायचा. ती म्हणायची, "रेघ सुरू असताना श्वास घ्यायचा नाही. श्वास घेतलास की रेघेला कळतं." पुढे आयुष्यभर दुलबा श्वास रोखूनच रेघ ओढत असे म्हणे.

डोळा शिकवला वडिलांनी. नानू चितारी फार कडक माणूस. ओहोटीला पोराला खाडीवर न्यायचा आणि ओल्या वाळूवर काडीने डोळे काढायला लावायचा. एक डोळा वाकडा आला की कुंचल्याच्या दांड्याने बोटांच्या पेरांवर मारायचा. भरती आली की सगळे डोळे पाण्याखाली जायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुलबाच्या उजव्या हाताची मधली दोन पेरे कायमची सुजलेली राहिली, ती त्यामुळे.

नानूने त्याला घराण्याचे नियमही शिकवले. देवाचे डोळे सगळ्यात शेवटी काढायचे. काढताना देवाकडे तोंड करायचे नाही. पाठ करून उभे राहायचे, डाव्या हातात आरसा धरायचा आणि आरशात बघत खांद्यावरून मागे कुंचला न्यायचा. चिताऱ्यासमोर अंतरपाट धरलेला असायचा, लग्नात धरतात तसा, म्हणजे लोकांना अर्धे डोळे दिसू नयेत. आदल्या दिवसापासून चिताऱ्याशी कोणी बोलायचे नाही. त्याने बोलायचे नाही. त्याच्या कानांत मेणाचे बोळे घालायचे, कारण बाहेरचा शब्द कानातून हातात उतरतो. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पहिली नजर. अंतरपाट बाजूला झाला की उघडल्या डोळ्यांची पहिली नजर पडते, ती कोणाला सोसत नाही. म्हणून समोर कोहळा ठेवायचा, मोठे दैवत असेल तर बोकड बांधायचा. पण नजर रिकामी जाऊ द्यायची नाही. रिकामी गेली तर ती गावात शिरते आणि घर शोधते. चिताऱ्यावर ती पडत नाही, कारण त्याची पाठ असते.

"देवाची नजर समोर," नानू म्हणायचा. "इकडंतिकडं बघतो तो चोर."

याउलट शिकवले गणबाने. गणबा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करायचा. पडद्यामागे दिवा आणि पडद्यावर बाहुल्यांच्या सावल्या. एका वर्षी दुलबा घरातून पळाला आणि तीन गावे त्याच्या मागे हिंडला. त्या बाहुल्यांतल्या रावणाने त्याला वेड लावले होते. रावण पडद्यावर आला की एका बाजूला बसलेल्या बायकांनाच वाटायचे, हा आपल्याकडे बघतोय. त्या पदर सावरायच्या. गणबाने त्याला चामडे दाखवले.

"बुबुळाचं भोक मधोमध पाडलं तर बाहुली सगळ्यांकडं बघते, म्हणजे कोणाकडंच बघत नाही," तो म्हणाला. "एक तांदूळभर सरकव. मग ज्याच्याकडं बघायचं त्याच्याकडं बघते."

दुलबा घरी परतला तो कागदांची चळत घेऊन. सगळ्या कागदांवर तिरपे डोळे. नानूने ते चुलीत घातले, वर उलटे मडके धरले, मडक्याला धरलेली काजळी खरवडली, डिंकात कालवली आणि पोरासमोर ठेवली. "ह्याच काजळीनं सरळ डोळा काढ." दुलबाने काढला. त्यानंतर बाप मरेपर्यंत आणि मेल्यावरही कितीतरी वर्षे त्याने सरळच डोळे काढले.

कातळोशीला त्याला धारराव खोताने बोलावले. दोन वर्षे गावात देवीच्या रोगाची साथ होती. खोताचे दोन मुलगे गेले, एकापाठोपाठ एक. थोरला गेला तेव्हा खोताने बोकड दिला, धाकटा गेला तेव्हाही दिला. मग त्याने नवस बोलला की जाखाईच्या उघड्या स्थानावर देऊळ बांधीन आणि आत तिला पुरी उभी करीन. देऊळ झाले, आणि भिंत रंगवायला दुलबा आला. सोबत बायको भागी आणि सात वर्षांची मुलगी सगुणा. एवढेच त्याचे घर. आधीची दोन मुले जगली नव्हती.

काम चालू असताना सगुणा दिवसभर देवळात असायची. ती गेरू घोटायची, डिंक भिजवायची आणि बडबड करायची. तेव्हाचा गुरव म्हादू तिला मुद्दाम डिवचायचा.

"सगुणाबाय, तुझ्या बापाचा वाघ मांजरासारखा दिसतो गो."

"तुम्ही वाघ बघितलाय?"

"बघितलाय तर! ह्या देवळामागंच."

"मग तुम्ही जिवंत कसे? तो मांजरच असणार."

परांचीवर बसलेला दुलबा हसायचा आणि हसताना कुंचला भिंतीपासून लांब धरायचा.

अंग, हात, वाघ, दागिने सगळे रंगवून झाले. चेहऱ्यात दोन पांढऱ्या जागा तेवढ्या राहिल्या. त्या संध्याकाळी धारराव देवळात आला आणि देवीच्या उजव्या हाताला, दुसऱ्या खांबाशी मांडलेल्या आपल्या मानाच्या पाटावर बसला. त्याने भिंत वरपासून खालपर्यंत पाहिली.

"दुलबा, काम चोख झालं," तो म्हणाला. "आता पहिल्या नजरेचं बोलू."

"कोहळा ठेवू, धनी. नाहीतर बोकड."

"बोकड दोनदा दिला. तिनं तो खाल्ला आणि वर माझी पोरं नेली." खोताचा आवाज चढला नव्हता. "देवऋषी म्हणतो, हिला माणूस पाहिजे. एकदा दिला की ती गावाकडं वळून बघणार नाही. तुझी पोरगी बसेल."

दुलबाला वाटले, ऐकण्यात चूक झाली. "धनी, सात वर्षांची आहे ती."

"माझा धाकटा पाचाचा होता."

"गावात..."

"गावातलं पोर बसवलं तर उद्या गावात दोन तट पडतील. कोणाचा मामा उठेल, कोणाचा चुलता. तुझं इथं कोण आहे?" धारराव पाटावरून उठला. "आणि बसली म्हणजे मरतेच असं नाही. देवीला वाटलं तर ठेवील."

त्याच संध्याकाळी भागी आणि सगुणा यांना खोताच्या घरी नेले. पाहुणचार म्हणून नेले, असे सर्वांना सांगितले. दाराशी दोन गडी बसवले. दुलबाला देवळाबाहेर जायची मनाई झाली नाही. तशी गरजच नव्हती.

पुढचे दिवस दुलबाने काय विचार केला ते त्याने म्हातारपणी स्वतः सांगितले, म्हणून ठाऊक आहे. तो रोज त्या दोन पांढऱ्या जागांसमोर बसायचा. डोळे काढायचेच नाहीत, तर खोत दुसरा चितारी आणील आणि सगुणा समोरच बसेल. नजर जमिनीकडे वळवली, तर ती रिकामी जाईल आणि घर शोधेल. सगळ्यात जवळचा जीव सगुणाच. आपणच वळून देवीकडे तोंड करावे आणि नजर आपल्यावर घ्यावी, हेही त्याच्या मनात आले. पण तो मेला तर भागी आणि पोर खोताच्याच हातात राहणार, आणि खोताला पुन्हा माणूस हवा झाला तर? एवढे कारण तो लोकांना सांगायचा. दुसरे कारणही तो लपवायचा नाही. त्याला धाररावाला मारायचे होते.

मग त्याला गणबाची बाहुली आठवली. तांदूळभर.

खोताचा पाट कधी हलत नसे. उजव्या खांबाशी, भिंतीपासून किती अंतरावर, बसलेल्या खोताची छाती किती उंचीवर येते, हे दुलबाने मनात मोजून ठेवले. सगुणा मधोमध बसली तरी नजर तिच्या डोक्यावरून बाजूला जाईल. आरशात उजवे ते डावे दिसते, पण त्याला त्याची सवय बालपणापासून होती. तरीही त्याने परांचीमागच्या चुन्याच्या तुकड्यावर पाठ करून, आरशात बघून, तिरपे डोळे काढून पाहिले. खांबाच्या बाजूला उभे राहिले की ते थेट छातीत बघायचे. मग त्याने तो तुकडा कुटून त्याचा भुगा केला.

इकडे खोताच्या घरी जे चालले होते ते दुलबाला कळायला मार्ग नव्हता.

खोतीणबाई दोन वर्षे कोणाशी धड बोलत नव्हती. सगुणा घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिने कोळशाने माजघराच्या जमिनीवर वाघ काढला. खोतीणबाई ओरडली नाही, बसून राहिली आणि म्हणाली, "ह्याच्या मिश्या कुठं आहेत?" दुसऱ्या दिवशी सगुणाने त्या धाररावाच्या मिश्या बघून काढल्या. धारराव जेवायला बसला की ती समोर येऊन बसायची.

"तुम्ही मला देवीपुढं बसवणार ना?" तिने एकदा विचारले.

"कोण म्हणालं?"

"गडी म्हणत होते. मग मला नवं परकर-पोलकं लागेल. हे गेरूनं भरलंय."

धारराव ताटावरून उठला. म्हादू गुरव सांगायचा की त्या दुपारी खोत एकटाच देवळाच्या अंगणात आला होता. डोळे उघडायच्या आदल्या दिवसाची ती दुपार. देवळात दुलबाच्या कानांत मेण घालून झाले होते आणि अंतरपाट बांधून त्याला आत बसवले होते. अंगणात राखणदाराचा पाषाण आहे, त्यावर कौल लावतात. ओल्या कळ्या दगडाला चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा; उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"विचार," खोत म्हणाला. "माणूस पाहिजेच का, विचार."

म्हादूने विचारले. डावी कळी पडली. खोताने पुन्हा विचारायला लावले. पुन्हा डावी पडली. म्हादूने उजवी कळी जरा घट्ट दाबली होती, असे काही जण म्हणतात. म्हादूने ते कधी कबूल केले नाही.

धारराव पायरीवर बसला आणि त्याने पागोट्याच्या शेवाने तोंड पुसले. मग म्हणाला, "कोहळा आण. चांगला मोठा बघून आण. आणि पोरगी उद्या माझ्याजवळ बसेल. माझ्या पाटावर, माझ्या मांडीवर. गावानं बघू दे."

भागीला हे कळले तशी ती धावत देवळाकडे आली. नवऱ्याला सांगायला. म्हादूने तिला पायरीवर अडवले.

"वैनी, आता नाही. कानांत मेण गेलंय."

"एक शब्द सांगते. पोर वाचली, एवढंच."

"एका शब्दानंही हात बिघडतो. वाकडा डोळा आला तर सगळं मुसळ केरात. पोर वाचलीच आहे, आता कोण नेतोय तिला? उद्या अंतरपाट सुटला की तो आपल्या डोळ्यांनीच बघेल की! केवढा हरखेल!"

भागी थांबली. तिचाही जन्म चिताऱ्याच्या घरातला होता. हा नियम तिने आईच्या घरी पाळलेला होता. ती अंतरपाटाजवळ थोडा वेळ उभी राहिली. कापडापलीकडे दुलबाची सावली दिसत होती. मग ती सगुणाला न्हाऊ घालायला परत गेली.

सकाळी सगळे गाव देवळात आले. मधोमध शेंदूर लावलेला कोहळा. उजव्या खांबाशी धारराव, आणि त्याच्या मांडीवर सगुणा, खोतीणबाईने शिवून घेतलेल्या नव्या हिरव्या परकरात. सगळ्या गावाला कौल ठाऊक होता. अंतरपाटाआड उभ्या असलेल्या एका माणसाला सोडून.

दुलबाला ऐकू काही येत नव्हते. ढोल वाजतोय हे पायांखालच्या फळीतून कळत होते. त्याने डाव्या हातात आरसा धरला. आरशात देवीचा चेहरा, त्यात दोन पांढऱ्या जागा. त्याने श्वास रोखला आणि कुंचला खांद्यावरून मागे नेला. पहिला डोळा. बुबुळ तांदूळभर उजवीकडे. दुसरा डोळा. पुन्हा तांदूळभर. हात कापला नाही. एवढे चांगले डोळे आपण आयुष्यात कधी काढले नाहीत, असे त्याला त्या क्षणी वाटले होते, हेही त्याने पुढे सांगितले.

त्याने कुंचला खाली टाकला. ती खूण होती. दोघांनी अंतरपाट सोडला.

दुलबाने आधी समोर पाहिले. जिथे पोर असायला हवी होती तिथे कोहळा होता. त्याला काही समजेना. मग त्याने खांबाकडे पाहिले. सगुणा खोताच्या मांडीवर बसून त्याच्याकडे बघून हसत होती. तिने हात वर केला. तिचे ओठ हलले. ती काय म्हणाली ते त्याला ऐकू आले नाही.

दुलबाने फळीवरून उडी टाकली. पोर आणि नजर यांच्या मध्ये पोचायला त्याला चार पावले हवी होती. दुसऱ्या पावलाला सगुणाचा वर केलेला हात खाली आला आणि तिची मान खोताच्या हातावर कलली, झोप लागल्यासारखी. तिचे डोळे उघडे होते आणि त्यांतली बुबुळे दुधासारखी पांढरी झाली होती. खोताला ओरखडासुद्धा उठला नाही. नजर त्याच्या छातीवर यायची होती, आणि छातीपुढे पोर बसली होती.

दुलबाने बोटांनी कानांतले मेण ओरबाडून काढले. पहिला आवाज ऐकू आला तो भागीचा.

"कौल आला होता," ती म्हणत होती. "कालच आला होता. कालच."

आधी लोकांना वाटले, देवीने कौल मोडला. मग कोणीतरी वर पाहिले. एकेक करत सगळ्यांनी पाहिले. देवीची नजर कोहळ्यावर नव्हती. ज्यांना चित्रातले काही कळत नव्हते त्यांनाही ती कुठे लागली आहे ते कळले, आणि ती जागा कोणाची ते गावातल्या लहान पोरालाही माहीत होते. धारराव अजून सगुणाला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या परकराची चुणी त्याने नीट केली.

"मी तिला सोडली होती," तो म्हणाला.

गडी दुलबाला धरून अंगणात घेऊन गेले. कोणी म्हणाले, जिवंत पुरा. कोणी दगड आणला, उजवा हात ठेचायला. खोताने दगड खाली ठेवायला लावला.

"हात मोडलात तर हा सुटेल," तो म्हणाला. मग दुलबासमोर उभा राहिला. "तुला नदीकाठची जमीन दिली. घर बांधून देतो. गाव सोडायचं नाही. बारा वर्षांनी रंग उडतो, तेव्हा डोळे तू उजळायचे. ह्याच हातानं. हेच डोळे, इकडंच बघणारे. केसभर सरळ केलेस तर तुझ्या बायकोला गावाबाहेर काढीन."

"मला मारा, धनी," दुलबा म्हणाला.

"मला मारायला निघालास तेव्हा कोण मेलं ते बघितलंस ना? मी तुला हात लावणार नाही."

सगुणाला नदीकाठच्या त्याच जमिनीत पुरले. देवीची साथ त्या वर्षी गेली आणि पुन्हा आली नाही, असे सांगतात. देवऋषीला खोताने धान्य दिले.

दुलबा आणि भागी त्या घरात राहिली. भागी स्वयंपाक करायची, ताट वाढायची, पाणी ठेवायची. नवऱ्याशी एक शब्द बोलायची नाही. दुलबा गावातले पाट-पाळणे रंगवायचा. पाळण्यावर पोपट काढायचा, मोर काढायचा, पण त्यांचे डोळे तो काढत नसे. लोक घरी नेऊन आपापले ठिपके द्यायचे.

बारा वर्षे झाली. डोळे उजळायचा दिवस आला. म्हादू गुरव मेणाचे बोळे घेऊन आला तेव्हा भागीने त्याच्या हातातून ते घेतले आणि चुलीत टाकले. कोणी तिला अडवले नाही. ती देवळात गेली, दुलबा आत उभा होता त्या अंतरपाटाला लागून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने बोलली. नवऱ्याशी बारा वर्षांत पहिल्यांदा.

"मधोमध कोहळा. डाव्या खांबाशी म्हादू गुरव. उजव्या खांबाशी धारराव खोत," ती म्हणाली. "मांडीवर कोणी नाही."

डोळे उजळून झाल्यावर आतून कुंचला खाली पडल्याचा आवाज आला. अंतरपाट सुटला तेव्हा भागी पायऱ्या उतरून निघून गेली होती.

आजही दर बारा वर्षांनी जाखाईचे डोळे उजळतात. दुलबाच्या मागून गावात आलेल्या पुतण्याचा वंश नदीकाठच्या जमिनीत आहे. काम तेच करतात. इतर गावांत चिताऱ्याच्या कानांत मेण घालतात, कातळोशीत घालत नाहीत. चिताऱ्याच्या घरची बाई अंतरपाटाबाहेर उभी राहते आणि कोण कुठे बसले आहे ते नाव घेऊन सांगते. उजव्या खांबाशी आता कोणी बसत नाही, तरी शेवटी "मांडीवर कोणी नाही" हे शब्द म्हणायचेच असतात. ते म्हटल्याशिवाय कुंचला रंगात बुडत नाही.

दुलबाने ते डोळे तीनदा उजळले. तिन्ही वेळा धारराव खोत आपणहून त्याच पाटावर, नजरेसमोर, बसला होता. त्याला काही झाले नाही. तो ब्याऐंशीव्या वर्षी आपल्या घरी झोपेत गेला.